अकरा वेळा व्हेनिस

"अम्मी, आधी खाली बस," माहीन फोनवर म्हणाली. आमची एकुलती एक मुलगी, दोह्याला नोकरीला. फोन करते तो शुक्रवारी. हा मंगळवार होता. मी म्हटलं, काय ते पटकन सांग, माझी भाजी गॅसवर आहे. तर म्हणते, "तुझी आणि अब्बांची व्हेनिसची तिकिटं काढली. ऑक्टोबरमध्ये. चार दिवस राहायचं."

भाजी करपली. करपू दे! मी ओट्याला धरून खरंच खाली बसले. आधी रडले, मग हसले, मग उठून मागच्या कुंपणापाशी गेले आणि बायजाला हाक मारली. बायजा माझी लग्न होऊन आल्यापासूनची शेजारीण. ती हातातला कोयता घेऊनच धावत आली.

"काय झालं गो? कोन गेलं?"

"कोणी गेलं नाही. मी चाललेय. व्हेनिसला!"

"या बया! म्हंजे शरफूभाऊ नेतायत तुला शेवटी!"

सगळं गाव हेच म्हणणार होतं, कारण व्हेनिस म्हटलं की आमच्या चौलात एकच माणूस. आमचे हे, शरफुद्दीन. अठ्ठावीस वर्षं मोठ्या मालवाहू जहाजांवर होते, इंजिनरूममध्ये तेलवाला म्हणून. आता आमच्याकडे घरटी एक माणूस जहाजावर नाहीतर आखातात, त्यात नवल ते काय? पण यांचं जहाज व्हेनिसला लागायचं. एकदा नाही, अकरा वेळा लागलं. आणि हे व्हेनिस असं सांगायचे की ऐकणाऱ्याला आपले पाय ओले झाल्यासारखे वाटायचे. दारातून पायरी उतरली की पाणी. रिक्षा नाही, होडी. चौकात कबुतरं येऊन डोक्यावर बसतात. मनोऱ्यावर दोन काळे पुतळे हातोडा मारून घंटा वाजवतात. लग्नात, एसटी स्टँडवर, मशिदीबाहेरच्या कट्ट्यावर, कुठंही पोरं यांना धरून बसवायची. "चाचा, व्हेनिस सांगा ना." त्यातलाच एक आमच्या आळीतला गणराज. त्यानं आता अलिबागला टूरचं ऑफिस काढलंय. मला नेहमी म्हणतो, "चाची, मी या धंद्यात पडलो तो चाचांमुळे."

आणि मी? मी पनवेल पाहिलंय, मुंबई पाहिलीय, एकदा अजमेरला जाऊन आले. बस्स. पण खरं सांगते, मला नुसतं व्हेनिस बघायचंच नव्हतं. नुसतं तर मी मोबाइलवर शंभरदा बघितलं असेल. मला ते यांच्याबरोबर बघायचं होतं. यांनी बोट दाखवून म्हणावं, शहनाज, ती बघ ती पायरी, तो बघ तो पूल. एवढीच माझी हौस, आणि ती तीस वर्षांची.

मग काय, मला दम कुठला! मी दुसऱ्या दिवशी वही आणली. पानापानावर वार घातले. रविवार सकाळ, मोठा चौक. रविवार दुपार, मनोरा. सोमवार, काचेचं बेट, तिथं फुंकून काचेची भांडी करतात. चालायची सवय हवी म्हणून सलवारीखाली बूट घालून रोज रेवदंड्याच्या किनाऱ्यावर चालायला लागले. माहीननं मोबाइलवर इटालियन शिकवणारं काहीतरी टाकून दिलं, तर कोळणीला पापलेट घेताना "क्वांतो कोस्ता?" म्हणजे केवढ्याला, असं विचारलं. ती म्हणाली, "कोस्ता न्हाय वो भाभी, सकाळच्या बोटीचं हाय, ताजं हाय." मी आणि बायजा पोट धरून हसलो.

गणराजनं तर कमालच केली. त्याच सुमारास रेवदंड्याची दोन जोडपी त्याच्याकडून इटलीला जाणार होती. त्यांचे व्हेनिसचे दिवस त्यानं आमच्या तारखांना आणून बसवले. घरी येऊन म्हणाला, "चाची, आता गाइडचं नाव काढू नका. अकरा वेळा जाऊन आलेला माणूस आपल्यात आहे. चाचा पुढं, आम्ही सगळे मागं!"

मी यांच्याकडे बघितलं. मला वाटलं, फुगून कोंबडा होतील. तर हे चहाच्या बशीत बघत बसलेले. चहा तसाच थंड झाला.

खरं म्हणजे तिकिटं आली तेव्हापासून हे गप्पच होते. मी आनंदाच्या भरात लक्ष दिलं नाही, ही माझी चूक. मग हळूहळू एकेक निघायला लागलं. आधी गुडघा दुखतोय. अहो, परवापर्यंत सुपारीच्या झाडाखाली उकिडवे बसत होता की! मग म्हणे ऑक्टोबरात तिथं पाऊस असतो. मग वाडीला पाणी कोण लावणार? मी म्हटलं, बायजाचा मुलगा निकेत लावेल, मी विचारून ठेवलंय. तर म्हणे विमानात कान दुखतात. जहाजावर जायला यायला आयुष्यभर विमानंच केली, तेव्हा कान कुठं ठेवत होता? नाचता येईना, अंगण वाकडं!

मला राग चटकन येतो. आमच्या अम्मा म्हणायच्या, शहनाजला राग यायला काडीसुद्धा लागत नाही. पण मी गिळला. म्हटलं, वय झालं, धाकधूक वाटत असेल. म्हणून एक दिवस गोडीत वही घेऊन शेजारी बसले.

"अहो, एवढं सांगा. बसमधून उतरलं की मोठ्या चौकात जायला डावीकडून जायचं की उजवीकडून?"

"आता काय माहीत. सगळं बदललं असेल."

"हजार वर्षांचं शहर आहे ते. हजार वर्षांत बदललं नाही, आणि तुम्ही घरी बसल्यावर बदललं?"

"शहनाज, डोकं खाऊ नकोस."

"तुम्ही सांगायचात ती काळ्या पुतळ्यांची घंटा, ती चौकातच ना? की पुलाजवळ?"

हे उठले आणि वाडीत निघून गेले. पायात चपलासुद्धा नव्हत्या.

कुंपणापलीकडून बायजा सगळं ऐकत होती, ती न ऐकता कशाला राहील? जवळ येऊन हळूच म्हणाली, "शहनाज, रागावू नको. पन अकरा वेळा गेलेला बाप्या बायकोला न्यायला का कचरतो? तिथं कोन तरी हाय गो."

"तुझं तोंड आवर, बायजा!"

"मी काय म्हनते, असंल न्हायतर नसंल. पन हाय."

मी तिला हाकललं. पण किडा डोक्यात शिरला तो शिरलाच. या वयात! नमाजी माणूस! रात्रभर कूस बदलत राहिले, आणि सकाळी मी सांदणं वाढत असताना हे ताटाकडे बघत म्हणाले, "तू माहीनला घेऊन जा. तिला रजा मिळेल. माझं काय, मी पाहिलंय."

मी पाहिलंय! तीस वर्षं मी ज्याची वाट बघत होते, ते यांनी दोन शब्दांत उडवून लावलं. मी सांदणाचं भांडं आपटलं. "तुम्ही पाहिलंय म्हणूनच तर तुमच्याबरोबर जायचंय! मला मोबाइलमधलं व्हेनिस नकोय, तुमचं हवंय. तुम्ही येणार नसाल तर मीही जात नाही. तिकिटं फाडून टाका. आणि माहीनला तुम्हीच सांगा, तिच्या अब्बांना बायकोबरोबर फिरायची शरम वाटते म्हणून!"

हे सांदण तसंच टाकून उठले. मी त्या दिवशी वहीही उघडली नाही आणि चालायलाही गेले नाही.

दोन दिवसांनी गणराजचा फोन. त्याला या भांडणाचा पत्ताच नव्हता. म्हणाला, "चाची, व्हिसाचा अर्ज पाठवलाय, भरून ठेवा. आणि एक काम करा. याआधी इटलीला गेला होता का, कधी, असा रकाना आहे. चाचांचे जुने शोअर पास असतील तर शोधा, जोडून देऊ. अर्जाला वजन येईल."

बंदरात जहाज लागलं की खलाशाला गावात जायला कागद मिळतो, तो शोअर पास. एवढं मला माहीत होतं. यांचे सगळे कागद पत्र्याच्या पेटीत. पेटी काढली, भर दुपारी, सोप्यात पसरूनच बसले. खोटं कशाला बोलू, पास शोधत होते तसं आणखीही काहीतरी शोधत होते. एखादा फोटो, एखादं पत्र. बायजाचा किडा! यांची नळी सापडली. जहाजी लोकांच्या नोकरीच्या पुस्तकाला आमच्याकडे नळीच म्हणतात. तिच्यात जहाजांची नावं, चढल्या-उतरल्याच्या तारखा, शिक्के. सिंगापूरचे पास निघाले, डर्बनचे निघाले, हॅम्बुर्गचा निघाला. व्हेनिसचा एकही नाही.

"काय शोधतेस?" हे दारात उभे.

"व्हेनिसचे शोअर पास. गणराजला हवेत."

"नाहीत."

"अकरांतला एकही नाही?"

"नाहीत म्हणजे..." हे उंबऱ्यावर बसले. डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. "काढलेच नव्हते. मी गावात गेलोच नाही, शहनाज. एकदाही नाही."

मला आधी कळलंच नाही. मी म्हटलं, गेला नाहीत म्हणजे?

"जहाज लागायचं ते अलीकडे, कारखान्यांच्या बंदराला. तेलाच्या टाक्या, क्रेनी, कोळसा. डेकवरून लांब एक मनोरा दिसायचा, आभाळ निवळलेलं असलं तर. गावात जायला बस होती, लांबलचक पूल ओलांडला की आलं. बाकीची पोरं जायची. मी नाही गेलो."

"का?"

"सुट्टी चार तासांची मिळायची." हे माझ्याकडे बघत नव्हते. "गेटच्या आत खलाशांसाठी एक खोली होती. तिथं टेलिफोन. एकच. सगळ्या जहाजांची पोरं रांगेत. आणि आपल्याकडे फोन कुठं होता?"

फोन बायजाकडे होता. तिच्या सासऱ्यांचा सुपारीचा व्यापार होता, म्हणून आळीत पहिला फोन त्यांचा. आमच्या सगळ्या पत्रांवर त्यांचाच नंबर, पुढं पी.पी. लिहिलेलं. म्हणजे शेजाऱ्याचा फोन, बोलावून देतील. हे आधी एक फोन करायचे, "शहनाजला बोलवा." बायजा कुंपणापाशी येऊन ओरडायची. मी हातातलं टाकून पळायची. मग त्यांच्या ओटीवर बसून दुसऱ्या फोनची वाट बघायची. कधी अर्धा तास, कधी तास. मला वाटायचं, लाइन लागत नसेल.

"पहिला फोन झाला की पुन्हा रांगेच्या शेवटी जाऊन उभं राहावं लागायचं," हे म्हणाले. "दुसरा नंबर यायचा तोवर सुट्टी संपत आलेली. बस सुटून गेलेली."

पेटीतले कागद माझ्या मांडीवर तसेच.

"मग ते सगळं? ते पुतळे? कबुतरं? दारातलं पाणी?"

"त्या खोलीत भिंतीवर कॅलेंडर होतं," हे म्हणाले आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा थोडे हसले. "त्याच गावाचं. दर महिन्याला एक चित्र. रांगेत उभा राहून मी तेच बघायचो. जहाज ज्या महिन्यात लागलं, त्या महिन्याचं चित्र तुला सांगायचो. सप्टेंबरात तीनदा लागलं. सप्टेंबरात दरवर्षी होड्यांच्या शर्यतीचंच चित्र. तुला तीनदा शर्यत सांगितली, आठवतंय? तू म्हणालीस, तुम्हाला बरी दर वेळी शर्यत सापडते!"

आठवत होतं ना! शब्द न शब्द आठवत होता.

"मुळात खोटं बोललात कशाला हो?"

"पहिल्या वेळी माहीन चार महिन्यांची होती. तिला ताप होता, आणि तू फोनवर नुसती रडत होतीस. मला काय बोलावं सुचेना. समोर चित्र होतं. मी म्हटलं, शहनाज, इथं ना, माणसं दार उघडून थेट होडीत पाय ठेवतात. तर तू रडता रडता हसलीस. म्हणालीस, मग त्यांची पोरं रांगायला लागली की काय करत असतील? पुढच्या वेळी फोन उचलल्या उचलल्या तूच म्हणालीस, सांगा ना ते पाण्याचं गाव. मग मी काय करणार होतो?"

मला राग आला नाही असं नाही. आला. चांगला आला. पण तो खोटं बोलल्याचा नव्हता. अकरा वेळा दारात जाऊन हा माणूस आत गेला नाही, आणि कशासाठी, तर मी बायजाच्या ओटीवर बसून विचारत होते, जेवलात का? तिकडे थंडी आहे का? अरे, एकदा तरी फोन ठेवून जायचंस की! हे मी मनात नाही, मोठ्यानं म्हणाले. "एकदा तरी जायचंस की रे, मेल्या!" लग्नाला चौतीस वर्षं झाली, त्यांना अरेतुरे मी पहिल्यांदा केलं. आणि मग तोंडाला ओढणी लावून रडले. हेही रडले. टोपी हातात चुरगळलेली.

जरा वेळानं म्हणाले, "आता गणराज म्हणतो, चाचा पुढं. त्या सगळ्यांना घेऊन मी डावीकडे वळू की उजवीकडे? आणि सगळ्यांत पुढं तू असणार. तुझ्यासमोर मी रस्ता चुकलेला... त्यापेक्षा म्हटलं, जायलाच नको."

"एवढंच ना?" मी डोळे पुसले. "गावाचं मी बघते. कोणाला काही सांगायचं नाही. रस्ता मला पाठ आहे. मी तुमच्या शेजारून चालीन, चिमटा काढला की डावीकडे, कोपर मारलं की उजवीकडे. कुणाच्या बापाला कळणार नाही!"

आणि वही काढली. त्या दुपारी मी यांना व्हेनिस सांगितलं. बसमधून उतरायचं, काचेचा पूल चढायचा, एक नंबरची पाण्यावरची बस धरायची, पुढं उभं राहायचं म्हणजे दोन्ही बाजू दिसतात. मोबाइल उघडून एकेक गल्ली दाखवली. हे आधी नुसते ऐकत होते. मग चष्मा आणला. मग विचारायला लागले, आणि काय विचारायला लागले म्हणता! होडीचं वल्हं एकाच बाजूला कसं? पाण्यात घरांचा पाया कसा टिकतो? पाणीबसचं इंजिन कुठलं? तिथं मशीद आहे का? नसेल तर जुम्म्याला कुठं जायचं? वहीत स्वतःच्या हातानं लिहिलं: 'इंजिन बघणे.' चहा मागितला, तोही दोनदा. संध्याकाळी माझ्याबरोबर बूट घालून किनाऱ्यावर चालायला आले, आणि गुडघ्याचं नावही नाही!

बायजाला मात्र मी सांगितलं. सांगितलं नसतं तर तिनं गावभर दुसरंच काहीतरी केलं असतं. ऐकून ती कुंपणाला धरून उभीच राहिली. "आनि तिकडं भाऊ रांगेत, नि मी भात उतरवून मग तुला हाक मारायची गो," एवढंच म्हणाली, आणि आत गेली. संध्याकाळी नारळाच्या वड्या पाठवल्या, त्याही यांच्यासाठी.

अर्ज मी भरला. तो एक रकाना सोडून. 'याआधी गेला होता का?' त्यात अकरा लिहायला हात होईना, आणि शून्य लिहावं तर कागद गणराजच्या हातात जाणार. कोराच ठेवला. म्हटलं, तिथं गेल्यावर बघू.

व्हिसाच्या ऑफिसात मुंबईला आम्ही सगळेच एकत्र गेलो. रेवदंड्याची दोन्ही जोडपी, गणराज, आणि आम्ही. मी नवा ड्रेस घातला होता, जणू आजच विमानात बसायचंय. गणराज रांगेत सगळ्यांना सांगत होता, "घाबरू नका, आपल्याबरोबर चाचा आहेत." मी यांच्या दंडाजवळ उभी, चिमट्याच्या तयारीत. आमचा नंबर आला. काचेपलीकडची मुलगी कागद चाळत होती. कोऱ्या रकान्यावर तिचं बोट थांबलं.

"अंकल, ये खाली है. पहले इटली गए हैं?"

"अरे मॅडम, क्या पूछते हो!" गणराज मागून पुढं आला. "हमारे चाचा तो..."

मीही तोंड उघडलं होतं. काय सांगायचं ते मी घरून ठरवून आले होते. जहाजाचे जुने कागद हरवले, तारखा आठवत नाहीत, असं काहीतरी. पण हे माझ्याआधी बोलले. जरा मोठ्यानंच बोलले, इंजिनरूममधल्या माणसाला हळू बोलता येत नाही.

"नो मॅडम. फर्स्ट टाइम."

रेवदंड्याची जोडपी एकमेकांकडे बघायला लागली. गणराजचा हात फाइलवर तसाच राहिला. "चाचा?"

हे त्याच्याकडे वळले. घाबरलेले नव्हते, लाजलेलेही नव्हते.

"अकरा वेळा जहाज गेलं होतं रे, बाळा," हे म्हणाले. "मी आत्ता चाललोय."

मी त्यांचा हात धरला. एवढ्या लोकांत धरला, आणि फॉर्मवर सही करायची वेळ आली तरी सोडला नाही.